खेपेचे गणित : पनवेलच्या बांधकामातल्या डंपिंग ट्रॉलीचा आढावा

नवी मुंबईवर जे लिहिले गेले ते प्रामुख्याने आराखड्यांवर, भूसंपादनावर आणि त्याविरुद्धच्या आंदोलनांवर. तसे होणे साहजिकही आहे. पण नकाशावरची रेघ जमिनीवर उतरायची तर आधी खाचर भरावे लागते, टेकडी फोडावी लागते आणि एका जागची माती दुसऱ्या जागी न्यावी लागते. गेल्या पन्नास वर्षांत पनवेल परिसरात ही माती कशाकशाने वाहिली गेली, याचा हिशेब फारसा कोणी मांडलेला नाही. डोझर आणि मोठे डंपर उद्घाटनाच्या छायाचित्रांत तरी दिसतात. ट्रॅक्टरमागे जोडलेली, गावच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात वेल्डिंग करून घडवलेली, जॅकवर उलटणारी डंपिंग ट्रॉली तिथेही दिसत नाही.

या लेखात त्या ट्रॉलीचा आढावा घेतला आहे. म्हणणे थोडक्यात असे : ट्रॅक्टर शेतकऱ्याच्या दारात होता म्हणून ट्रॉली बांधकामात आली, वाहतुकीचे अंतर वाढले तशी ती मागे पडली आणि गावठाणातली गल्ली अरुंद राहिली म्हणून ती टिकली. या सगळ्या काळात कागदावर ती शेतीची राहिली आणि रस्त्यावर बांधकामाची. आजचे तिचे बरेचसे प्रश्न या दुहेरी आयुष्यातून आले आहेत.

ट्रॉलीच्या आधी

पनवेल-उरण पट्ट्याला मातीकाम नवे नाही. खाडीचे खारे पाणी अडवून भातशेती करायची तर बांध हवा आणि तो दरवर्षी दुरुस्तही करायला हवा. आगरी शेतकऱ्यांनी हे खारबंदीचे काम पिढ्यान्‌पिढ्या सामूहिकपणे केले. चिखल फावड्याने काढायचा, पाटीत भरायचा आणि हातोहात बांधावर टाकायचा. अंतर जेमतेम काही पावलांचे, त्यामुळे वाहनाची गरजच नसे. पुढे सरकारने १९४८ मध्ये खारभूमी विकासाचा स्वतंत्र कायदा केला, तोवर या बांधांची मदार गावकीवरच होती.

मोठ्या प्रमाणावरच्या मातीकामाचे जवळचे उदाहरण म्हणजे बोरघाटाची रेल्वे. १८५६ ते १८६३ या काळात कर्जत आणि खंडाळ्यादरम्यान २५ बोगदे खोदले गेले आणि पाच कोटी घनफुटांहून अधिक खडक फोडला गेला. आजच्या बांधकामाच्या भाषेत (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) हे पाच लाख ब्रासांहून जास्त भरते. १८६१ च्या सुमारास घाटावर ४०,००० हून अधिक माणसे राबत होती. सुरुंगाची दारू सोडली तर सारे बळ माणसांचे आणि जनावरांचे होते. कामावरच्या साथींनी आणि अपघातांनी किती जीव घेतले, याचे दाखले रेल्वेच्या इतिहासात आहेत.

या कामांचा कणा होता वडार समाज. माती वडार खोदकाम आणि भराव करीत, गाडी वडार दगड वाहत, पाथरवट दगड घडवीत. गाडी वडारांची बसकी, भक्कम गाडी जड दगड चढवायला सोयीची होती. मातीसाठी गाढवे असत. गाढवाला रस्ता लागत नाही, उतार चालतो आणि चिंचोळी वाट पुरते. म्हणून शे-दोनशे मीटरच्या अंतरात ते फार काळ कोणाला हटले नाही. १९७२-७३ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमी योजनेत पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते झाले, तेही टिकाव, फावडे आणि घमेल्यावर. तिथे माणसाच्या हाताला काम देणे हाच हेतू असल्याने यंत्र मुद्दाम दूर ठेवले होते. थोडक्यात, सिडकोची स्थापना झाली त्या सुमारास महाराष्ट्रातले बरेचसे मातीकाम अजून डोक्यावरूनच चालले होते.

बाहेरच्या जगातली वाट

अमेरिकेत मातीकामाची यंत्रे शेतीच्या वाटेनेच आली, पण लवकरच वेगळी झाली. आधी घोड्यांच्या लाकडी डंप गाड्या होत्या. त्यांच्या तळाची फळी उघडली की माती खाली पडे. पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा साखळीवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांनी घेतली. होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एकत्र येऊन १९२५ मध्ये कॅटरपिलर स्थापन झाली. या ट्रॅक्टरांमागे जोडायला अ‍ॅथी कंपनीने साखळीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या डंप गाड्या काढल्या. चाके रुततील अशा ओल्या जमिनीत त्या चालत. आज परदेशातले जुन्या यंत्रांचे संग्राहक ज्या ट्रॅक्टरमागच्या डंप गाड्या हौसेने जपतात, त्यांत या पिढीचा मान मोठा आहे.

पण त्यांचे राज्य फार टिकले नाही. लटर्नो यांच्या स्क्रेपरने खणणे, भरणे, वाहणे आणि पसरणे ही चारही कामे एकाच यंत्रात आणली. युक्लिड कंपनीने १९३४ मध्ये खास मातीकामासाठी बांधलेला डंप ट्रक बाजारात आणला. ब्रिटनमध्ये म्युअर-हिलने फोर्डसन ट्रॅक्टरच्या सांगाड्यावरच हौदा बसवून डंपर तयार केला. हौदा ट्रॅक्टरमागे ओढायचा की अंगावरच घ्यायचा, या प्रश्नाचा निकाल तिथे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास लागला आणि बांधकामापुरता ओढायचा हौदा हरला.

शेतीत मात्र तो जिंकला. हॅरी फर्ग्युसन यांनी १९४६ मध्ये टीई-२० ट्रॅक्टर आणला आणि त्यासोबत तीन टनी, मागे उलटणारा ट्रेलर दिला. त्याचे चाक बरेच मागे बसवलेले होते, त्यामुळे भाराचा काही हिस्सा हुकावाटे ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येई आणि हलका ट्रॅक्टरही चिखलात पकड धरी. हूक ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकनेच उचलला जाई आणि हौदाही त्याच तेलाच्या दाबावर उलटे. आपल्याकडची दोन चाकी डंपिंग ट्रॉली याच कुळातली आहे. तिकडच्या जड डंप गाड्यांशी तिचे नाते दूरचे.

ट्रॅक्टर दारात आला तो काळ

भारतात ट्रॅक्टरचा पहिला मोठा उपयोग मातीशी झुंजण्यासाठीच झाला. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशनने अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली यंत्रे घेऊन मध्य भारतातली कांस गवताने माजलेली जमीन नांगरून काढली. पण ते सरकारी, साखळीचे, अवजड ट्रॅक्टर होते. शेतकऱ्याच्या दारात पोचणारा ट्रॅक्टर नंतर आला. १९५९ मध्ये फरिदाबादला आयशरचा पहिला ट्रॅक्टर तयार झाला. १९६० मध्ये मद्रासला टॅफे सुरू झाली आणि मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर देशात बनू लागले. १९६३ मध्ये महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया उभी राहिली. तिचा कारखाना मुंबईत कांदिवलीला होता आणि बी-२७५ हे तिचे गाजलेले मॉडेल. सत्तरच्या दशकात एचएमटी-झेटर आणि स्वराज या नावांची भर पडली.

हे ट्रॅक्टर साधारण २५ ते ३५ अश्वशक्तीचे होते. कोकणातल्या लहान खाचरात नांगरटीला त्यांना फारसा वाव नव्हता. रायगडची शेती पावसाळी, एका पिकाची आणि तुकड्या-तुकड्यांची. वर्षातले मोजके दिवस सोडले तर ट्रॅक्टर मोकळाच. घाटावरच्या शेतकऱ्याला उसाच्या वाहतुकीने जे काम दिले, ते इथल्या शेतकऱ्याला वीटभट्टीने आणि बांधकामाने दिले. पनवेल, पेण, कर्जत पट्ट्यात भात कापल्यावर शेतातली माती भट्टीला जाते, तूस येतो, विटा बाहेर पडतात. भट्टीवर राबतात ती मुख्यतः कातकरी कुटुंबे, आणि वाहतूक ट्रॅक्टरची. डंपिंग ट्रॉलीला या भागात पहिली घट्ट जागा मिळाली ती इथे.

सिडको आणि भरावाची भूक

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली आणि प्रकल्पाचे क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे झाले. १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल सुरू झाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १९९८ पर्यंत पनवेलला लोकलही पोचली आणि कोकण रेल्वेही. २००२ मध्ये कळंबोलीपासून निघणारा पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. यातले प्रत्येक काम भराव मागत होते. कळंबोली आणि कामोठे या वसाहती सखल, खाडीलगतच्या जमिनीवर उभ्या राहिल्या. सिडकोने भरतीचे आणि पावसाचे पाणी सांभाळायला धारण तलावांची रचना केली ती याच कारणाने. जमीन किती उचलायची आणि पाणी कुठे सोडायचे हा प्रश्न २००५ च्या पुरानंतर इथल्या रहिवाशांना समजावून सांगावा लागत नाही.

मोठे भराव मोठ्या कंत्राटदारांनी टिपर, डोझर आणि रोलर लावून केले. ट्रॉलीचे काम त्यांच्या सावलीत चालले : घराचा पाया भरणे, अंगण उचलणे, कुंपणाच्या भिंतीला डबर पोचवणे, अंतर्गत रस्त्याला मुरूम टाकणे, खोदलेल्या गटाराची माती हलवणे. हे काम करणारे बहुतांशी स्थानिकच होते, आणि त्यामागे एक सामाजिक कारण होते. जमीन गेलेल्या कुटुंबाच्या हाती मोबदला आला, तोही अपुरा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचा तो लढा पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांच्या योजनेपर्यंत गेला. नोकऱ्या सर्वांना मिळाल्या नाहीत. ज्यांना नांगर सोडावा लागला त्यांच्यातल्या अनेकांनी रेती, खडी, मुरूम आणि विटा पुरवण्याचा धंदा धरला. त्यासाठी लागणारे भांडवल म्हणजे एक ट्रॅक्टर आणि एक ट्रॉली. पुढे ज्यांना जमले त्यांनी डंपर घेतले, जेसीबी घेतले. आज ‘मटेरियल सप्लायर’ अशी पाटी लागलेल्या कित्येक व्यवसायांचे मूळ असे शेतीच्या ट्रॅक्टरात आहे.

साहित्यही हाताशी होते. पनवेल-उलवे पट्ट्यातल्या टेकड्या बेसॉल्टच्या. कुंडेवहाळसारख्या ठिकाणच्या दगडखाणी आणि क्रशर नव्या शहराला खडी आणि कच पुरवीत राहिले. खाणीपासून वसाहत चार-पाच किलोमीटरवर असेतो ट्रॉलीचा धंदा जोरात होता.

ट्रॉलीची घडण

जुन्या डंपिंग ट्रॉलीला कारखान्याचे नाव क्वचित असे. लोखंडी चॅनलची चेसी, भंगारातल्या ट्रकचा एक्सल, त्याचेच पाटे, रिमोल्ड केलेले टायर, पत्र्याचा हौदा आणि मागे वरून लटकणारा फाळका. पुढे दांडी, दांडीला कडी आणि ट्रॅक्टरच्या हुकात ती अडकवणारी पिन. हौदा मागच्या बाजूला बिजागरीवर टेकलेला, पुढच्या बाजूला त्याच्या पोटाखाली जॅक. युरोपात डावीकडे, उजवीकडे आणि मागे अशा तिन्ही बाजूंना उलटणाऱ्या ट्रॉल्या रुळल्या, आपल्याकडे मागे उलटणारीच चालली, कारण ती बनवायला सोपी आणि सुधारायलाही.

दोन चाकी ट्रॉली रिव्हर्स घ्यायला सोपी आणि गल्लीत वळायला हलकी. चार चाकीत पुढचा एक्सल फिरत्या तबकडीवर असतो. ती भार जास्त घेते आणि ट्रॅक्टरवर वजन टाकत नाही, पण मागे घेताना दोन ठिकाणी मोडते, त्यामुळे ड्रायव्हर कसलेला लागतो. मुरुमाच्या कामात दोन चाकीला पसंती मिळाली ती याच कारणाने.

जॅकचे काम समजून घेण्यासारखे आहे. १०० मिलिमीटर व्यासाच्या जॅकमध्ये दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो दाब दिला तर सुमारे पावणेबारा टन बळ मिळते. साडेचार टनांचा माल उचलायला इतके बळ कशाला, असे वाटेल. पण जॅक सुरुवातीला जवळजवळ आडवा असतो, त्याच्या जोराचा थोडाच हिस्सा वर उचलण्यात जातो. पहिला हातभर उचल सर्वांत अवघड, पुढे काम हलके होत जाते. जॅक एकाच दिशेने दाब घेतो. हौदा खाली येतो तो स्वतःच्या वजनाने.

एवढा जॅक मीटरभर वर जायला सुमारे आठ लिटर तेल लागते आणि ते येते ट्रॅक्टरच्या पोटातून. फर्ग्युसन घराण्याच्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. म्हणजे हौदा वर गेला की गिअरबॉक्समधले तेल तेवढे उतरते, आणि जॅकच्या झिजलेल्या सीलमधून शिरलेली धूळ परत जाते ती थेट गिअरांत. दिवसातून वीस वेळा हौदा उचलणाऱ्या ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक आणि गिअर शेतातल्या ट्रॅक्टरच्या आधी बोलू लागतात, त्याचे एक मोठे कारण हे. म्हणून जाणता मालक सील आणि फिल्टर वेळेवर बदलतो, आणि सेकंडहँड ट्रॅक्टर घेणारा जाणता गिऱ्हाईक तो ‘ट्रॉलीवर चाललेला आहे का’ हे आधी विचारतो.

अंतर, भरणे आणि खाली करणे

मातीकामात कोणते साधन परवडते हे मुख्यतः अंतर ठरवते. डोझर माती ढकलतो ती शंभरेक मीटरपर्यंत. स्क्रेपर दीडेक किलोमीटरपर्यंत शोभतो. त्यापुढे टिपर. ट्रॉली बसते ती या साधनांच्या मधल्या फटीत : एक ते चार-पाच किलोमीटर, थोडा माल, खराब रस्ता.

हिशेब ब्रासात करू. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. सुट्या मुरुमाचे एक ब्रास साधारण साडेचार टन भरते. समजा खाण दोन किलोमीटरवर आहे आणि ट्रॅक्टर ताशी १५ किलोमीटरने जातो. जाण्या-येण्यात १६ मिनिटे गेली. चार माणसांनी फावड्याने ट्रॉली भरली तर तासभर, आणि साध्या ट्रॉलीतून ती हातानेच खाली केली तर आणखी अर्धा तास. एक खेप पावणेदोन तासांची. आठ तासांत जेमतेम चार ते पाच खेपा.

आता जॅक जोडा. खाली करायला दोन मिनिटे. खेप सव्वा तासाच्या आसपास येते. फायदा झाला, पण भरण्याचा तास तसाच राहिला. म्हणजे खरी अडचण भरण्याची होती. ती सुटली बॅकहो लोडरने. एस्कॉर्ट्स आणि जेसीबी यांची भागीदारी १९७९ मध्ये बल्लभगडला सुरू झाली, आणि पुढच्या दोन दशकांत हे पिवळे यंत्र तालुक्यागणिक पोचले. लोडरच्या तीन बादल्यांत ट्रॉली भरते. भरणे पाच मिनिटे, जाणे-येणे सोळा, खाली करणे दोन. खेप २३ मिनिटांची आणि दिवसाला वीस खेपा. जी ट्रॉली दिवसाला चार-पाच ब्रास टाकी ती वीस ब्रास टाकू लागली. फावड्यावर ट्रॉली भरणाऱ्या माणसांची मजुरी याच हिशेबात गेली, हे नोंदवायला हवे. त्यांत वडार आणि आदिवासी मजूर मोठ्या संख्येने होते.

ज्या लोडरने ट्रॉलीला चलती दिली, त्यानेच टिपरचाही मार्ग मोकळा केला. दहा चाकी टिपर, ज्याला आता सगळे हायवा म्हणतात, २८ टनांच्या एकूण वजनमर्यादेत सुमारे साडेतीन ब्रास मुरूम नेतो. दोन किलोमीटरच्या अंतरावर एक टिपर साधारण तीन ट्रॉल्यांचे काम करतो. अंतर दहा किलोमीटर झाले की ट्रॉलीची एक खेप दीड तासाच्या घरात जाते, दिवसाला पाच-साडेपाच ब्रास पडतात, आणि टिपर तेवढ्याच वेळात २८ ते ३० ब्रास टाकतो. म्हणजे पाच-सहा ट्रॉल्यांचे काम. शहर पसरत गेले, जवळच्या टेकड्या संपल्या किंवा बंद झाल्या, खाण लांब गेली आणि ट्रॉलीचा धंदा आकड्यांतच हरला.

नवी मुंबई विमानतळाच्या कामात हा फरक सर्वांत ठळक दिसला. सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी सुरुंग लावून कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, सखल जमीन भरून काढली गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ज्या विमानतळाचे उद्घाटन झाले त्याच्या पायात शेतीच्या ट्रॅक्टरला जागा नव्हती. ते काम मोठ्या डंपरांचेच. पण त्याच प्रकल्पामुळे चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, गणेशपुरी अशी दहा गावे उठली आणि कुटुंबांना नव्या भूखंडांवर स्वतःची घरे बांधावी लागली. एका घराला एका वेळी ब्रासभर रेती, दोन ब्रास खडी, थोड्या विटा लागतात. लहान गिऱ्हाईक, लहान माल आणि अरुंद रस्ता म्हटले की काम पुन्हा ट्रॉलीकडे येते.

कागदावर शेती, रस्त्यावर मुरूम

केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या व्याख्येत शेतीचा ट्रॅक्टर हे वाहतुकेतर वाहन आहे आणि त्याचा ट्रेलर शेतीमाल वाहण्यासाठी आहे. भाड्याने मुरूम वाहायचा तर नोंदणी, परवाना आणि विमा वेगळा लागतो. बहुतेकांचा ट्रॅक्टर शेतीच्या कर्जावर, शेतीच्या नोंदणीवर. अपघात होईपर्यंत कोणी विचारत नाही. अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी प्रकरणात स्पष्ट केले की ट्रॅक्टर चालवण्याचा वैध परवाना असलेला चालक केवळ मागे ट्रेलर जोडल्याने अपात्र ठरत नाही. त्याने चालकाचा प्रश्न मिटला. वापर शेतीचा की व्यवसायाचा, हा वाद मात्र प्रत्येक दाव्यात नव्याने उभा राहतो.

दुसरी बाजू महसुलाची. माती, मुरूम, खडी, रेती ही गौण खनिजे. त्यावर ब्रासाप्रमाणे स्वामित्वधन आणि सोबत वाहतुकीचा पास. विनापरवाना उत्खनन किंवा वाहतूक पकडली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ च्या पोटकलम ७ आणि ८ खाली दंड होतो आणि वाहन जप्त होते. तहसील कार्यालयाच्या आवारात उभ्या राहून गंजणाऱ्या ट्रॉल्या राज्यातल्या अनेक तालुक्यांत दिसतात. तिसरी बाजू राबिटाची. २०१६ च्या नियमांनी बांधकामाच्या राडारोड्याची विल्हेवाट ठरवून दिली, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा जगण्याच्या हक्काचा भंग मानला. तरी रात्री खाडीकाठी राबिट पडते. त्यात मोठे डंपर पुढे असले तरी गल्लीतून माल बाहेर काढणारी ट्रॉली या साखळीत पहिली कडी असते.

सर्वांत गंभीर बाजू सुरक्षेची. ३५ अश्वशक्तीचा जुना ट्रॅक्टर स्वतः पावणेदोन ते दोन टनांचा. भरलेली ट्रॉली सहा टनांची. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे उतारावर तिप्पट वजन मागून ढकलत असते आणि थांबवायला फक्त ट्रॅक्टरची मागची दोन चाके. ट्रॉली तिरकी होऊन ट्रॅक्टरलाच आडवा पाडते ते यामुळे. चढावर उलटा धोका : हूक उंच लावला असेल आणि भार फार असेल तर पुढची चाके उचलली जातात. हौदा उलटताना माल एक्सलच्या मागे सरकतो आणि दांडी वर उचलली जाऊ लागते, म्हणून हुकाची पिन पक्की हवी. ओला मुरूम हौद्याला चिकटला की ड्रायव्हर ट्रॅक्टरला झटका देतो, जमीन एका बाजूला बसलेली असेल तर ट्रॉली आडवी होते. उचललेल्या हौद्याखाली टेकू न लावता शिरणे आणि हौदा वर ठेवूनच विजेच्या तारांखालून जाणे, या दोन चुकांना दुसरी संधी नसते. मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, ही तक्रार तर उसाच्या ट्रॉलीइतकीच जुनी.

काय राखायचे, काय बदलायचे

आज या परिसरात जुनी ट्रॉली तीन अवस्थांत सापडते. काही अजून कामावर आहेत, चेसी जुनी आणि हौदा दोन-तीनदा बदललेला. काही पाण्याच्या टाकीच्या किंवा काँक्रीट मिक्सरच्या गाड्या झाल्या आहेत. उरलेल्या कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या वाटेने भंगारात जातात. परदेशात जुन्या डंप गाड्या रंगवून प्रदर्शनात मांडतात. आपल्याकडे तशी हौस परवडणारी नाही आणि प्रत्येक ट्रॉली जपण्याची गरजही नाही. पण १८५२ पासून नगरपालिका असलेल्या, २०१६ मध्ये महानगरपालिका झालेल्या पनवेलने आपले शहर कशाने भरले याचा एकही नमुना ठेवू नये, हे बरे नाही.

निष्कर्ष तीन निघतात. डंपिंग ट्रॉली मोठ्या भरावाच्या कामातून गेली आहे आणि परत येणार नाही. तिच्याबद्दल हळहळण्याचे कारण नाही, कारण अंतर वाढल्यावर तेच होणार होते. लहान कामात तिला आजही तोड नाही. जिथे टिपर वळत नाही तिथे तीच स्वस्त आणि तीच शक्य आहे. आणि या लहान कामात ती राहणारच असेल, तर तिला शेतीच्या कागदाआड लपून राहायला लावणे मालकाच्या, ड्रायव्हरच्या आणि रस्त्यावरच्या माणसाच्या, कोणाच्याच हिताचे नाही. परिवहन विभागाने बांधकामातल्या ट्रॉलीची स्वतंत्र, स्वस्त आणि सोपी नोंदणी करावी. त्या बदल्यात ट्रॉलीला ब्रेक, मागचे दिवे, हौद्यावर ठळक लिहिलेली वजनमर्यादा आणि टेकू सक्तीचे करावेत. एका ब्रासाच्या मालकाला हायवाच्या मालकाइतके कागद मागितले तर तो एकही कागद करणार नाही, हे लक्षात घेऊनच नियम बांधावा.

दुसरे काम महापालिकेचे आणि सिडकोचे. साठ-सत्तरच्या दशकातला एक चालू ट्रॅक्टर आणि त्याच काळातली एक डंपिंग ट्रॉली मिळवून ठेवावी, आणि सोबत या धंद्यातल्या जुन्या ड्रायव्हर, वेल्डर, फिटर आणि ट्रॉली भरणाऱ्या मजुरांच्या आठवणी नोंदवून घ्याव्यात. ट्रॉल्या भंगारातूनही शोधता येतील. त्या चालवलेली पहिली पिढी आता सत्तरी ओलांडत आहे, तेव्हा नोंदीचे काम आधी घ्यावे.